दाणाभर शिवण

आमच्याकडे दिवसाउजेडी दार कुणी वाजवत नाही. पुढच्या ओटीवर येणारा पुरुष खाकरतो, मागच्या पडवीकडून येणारी बाई आगरातूनच हाक मारते, आणि मथुराबाईंचं तर आगराच्या फाटकाशी, बेड्यापाशी, असतानाच बोलणं सुरू होतं. त्या पडवीत पोचेपर्यंत निम्मी हकीकत आपण ऐकून घेतलेली असते.

म्हणून बत्तीस सालच्या आश्विनातल्या त्या सकाळी मागचं दार हलकेच दोनदा वाजलं, तेव्हा मी खवणीवरून उठलेच नाही. वाऱ्याने कडी हलली असेल असं वाटलं. हे न्हाणीघरात होते. चुलीवर आमटी होती. सासूबाई सोवळं नेसून माजघराच्या उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. दार परत वाजलं.

“पोस्टमन मागल्या दाराने यायला लागला की काय?” सासूबाई म्हणाल्या. “ऊठ, बघ. नारळ काही पळून जात नाही.”

दारात मथुराबाई उभ्या होत्या. काखेत एक गाठोडं, हातात कोरं पोस्टकार्ड.

“हे काय मथुराबाई, दार कसलं वाजवता? हाक कुठे गेली तुमची?”

“हाक मारवली नाय, वैनी,” त्या म्हणाल्या. “पत्र लिवायचं हाय बाबूला.”

“लिहू की. काय लिहू?”

“लिवा, मी येतंय म्हणून.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. कारण गेल्या दोन वर्षांत बाबूला याच विषयावर पाच पत्रं मी लिहिली होती, आणि पाचही पत्रांत ‘येत नाही’ असंच होतं.

मथुराबाईंची ओळख इथे करून द्यायला हवी. त्या मांडवीच्या, म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या बंदराकडच्या. माहेर आरे-वाऱ्याकडचं, तेराव्या वर्षी लग्न होऊन मांडवीत आल्या. नवरा आगबोटीवर स्वयंपाकी होता, तो अठरा सालच्या तापाच्या साथीत मुंबईलाच वारला. बाबू तेव्हा सात वर्षांचा. घरात म्हातारा सासरा तेवढा उरला, भागोजी. हा भागोजी गलबतांची शिडं शिवायचा. सुनेच्या हातात एकदा त्याने दाभण दिला, तिचे टाके पाहिले आणि म्हणे चार दिवस तो तिच्याशी बोललाच नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, “उद्यापासून माज्या शेजारी बसायचं.” शिडाची शिवण कुठे रुंद, कुठे अरुंद झाली की शीड वाऱ्यात एका अंगाला पोट काढतं आणि गलबत ओढ घेतं, हे त्याने सुनेला शिकवलं. तो गेल्यावर मिरकरवाड्यातल्या गलबतवाल्या मालकांनी शिडं काही बाईमाणसाला शिवायला दिली नाहीत. मग मथुराबाईंनी तीच शिवण गोधड्यांवर आणली.

आमच्या गावात गोधडी म्हणजे जुनी लुगडी एकावर एक घालून वरून धावदोरा. मथुराबाई ती तर करायच्याच, पण त्यांची खरी ओळख चौकोनांच्या गोधडीची. रंगीत कापडांचे लहान लहान चौकोन एकमेकांना जोडून वरचा पदर करायचा, आणि तोही असा की चार चौकोनांचे चार कोपरे जिथे भेटतात तिथे सुईचं टोक ठेवावं. एक चौकोन इकडचा तिकडे सरकलेला दिसणार नाही. मी पुण्याला कॉलेजात होते तेव्हा भूमितीत मला बरे गुण होते, पण माझ्या हातून दोन कोपरे कधी सरळ भेटले नाहीत. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी शिवलेलं दुपटं मी अजून कुणाला वापरू देत नाही.

बाबू आता मुंबईला गोदीत कामाला होता. मुलगा गुणी. आईने एकटं राहू नये असं त्याला मनापासून वाटायचं. दर पत्रात एकच: ‘इकडे ये. आता तू काही करायचं नाही. नुसतं बसायचं.’ ते ‘नुसतं बसायचं’ मी वाचलं की मथुराबाई पडवीच्या खांबाला टेकून म्हणायच्या, “बसून काय करू? अंडी घालू?” आणि मी लिहायची, ‘आई खुशाल आहे, येत नाही.’

“का हो, असं एकदम का ठरवलं?” मी विचारलं.

उत्तर न देता त्यांनी पडवीत गाठोडं सोडलं. आत एका गोधडीचे दोन पट्टे होते. बाबूला जूनमध्ये मुलगा झाला होता, त्याच्यासाठी. निळे, पांढरे, तांबूस चौकोन, लांबीला बारा आणि रुंदीला सहा, असे दोन पट्टे, आणि ते मधोमध जोडले की गोधडीचा वरचा पदर पुरा. मथुराबाईंनी दोन्ही पट्टे शेजारी शेजारी पसरले आणि हात मागे घेतला.

वरच्या टोकाला चौकोनाला चौकोन भेटला होता. दुसरा किंचित सरकलेला. चौथ्याशी डोळ्यांना खुपायला लागलं. शेवटच्या ओळीशी एक पट्टा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं पुढे गेला होता.

“तीनदा उसवला हो,” मथुराबाई म्हणाल्या. “तीनदा जोडला. पदर ओढून बगितला, सैल सोडून बगितला. जमत नाय. म्हणून काल ठरवला. डोळे गेले माजे, वैनी.”

“काहीतरी काय.”

“माज्या आयशीचं असंच झालं. पंचेचाळीसला ती आंधळी झाली. आधी तिची शिवण बिघडली, मग तांदळातले खडे राहायला लागले, मग माणसं वळखीना. मी आता चव्वेचाळीस.” हे त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं. “शिवण गेली तर मी इथं राहून काय करू? कुणाच्या गोधड्या बिघडवू? त्यापेक्षा सोमवारच्या बोटीनं जातंय. लिवा तुमी. कोंबड्यापण सकाळी मैनेला देऊन आलंय.”

मैना म्हणजे त्यांची शेजारीण. कोंबड्या देऊन आल्या म्हणजे ठरलंच, हे मला कळलं. पोस्टकार्ड मी हातात घेतलं, पण दौत काही आणली नाही.

“आधी सुई ओवून दाखवा,” मी म्हटलं.

त्यांनी पदराला टोचलेली सुई काढली, दोरा दातांनी तोडला आणि पहिल्या झटक्यात ओवला. मला स्वतःला चष्मा लावूनही तीन खेपा लागतात.

“बघा, दिसतंय की.”

“ते डोळ्याचं नाय, हाताचं. आयशी माजी आंधळी झाल्यावरसुद्धा सुई ओवायची.”

मी यांच्या टेबलावरून फूटपट्टी आणली. हे आतून ओरडले, “माझी पट्टी कुणी घेतली?” मी म्हटलं, “मथुराबाईंनी.” मग ते गप्प बसले. मथुराबाईंना ते वचकून असत, कारण त्यांच्या कोटाचं अस्तर एकदा मथुराबाईंनी उसवून परत शिवलं होतं आणि शिंप्याबद्दल जे बोलल्या होत्या ते यांनी ऐकलं होतं.

प्रथम मी चौकोन कापायचा साचा तपासला. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणातून कापलेला पत्र्याचा चौकोन होता तो, तीन इंचांचा, चारी बाजूंनी बरोबर. साचा एकच, कापणारा हात एकच. न जोडलेले आठदहा चौकोन गाठोड्यात उरले होते, तेही तीन-तीन इंच भरले. म्हणजे कापण्यात चूक नव्हती.

मग जोडलेले चौकोन मोजले. पहिल्या पट्ट्यातला प्रत्येक चौकोन शिवून झाल्यावर अडीच इंच. दुसऱ्या पट्ट्यातला अडीच इंचांना एक सूत जास्त. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार धरतात तो. एका चौकोनात एवढंसं कळतही नाही, पण बाराव्या चौकोनाशी पोचेपर्यंत त्याचा जवळजवळ दीड इंच होतो. ती दोन बोटं इथून आली होती.

“कशापायी?” मथुराबाईंनी विचारलं.

“थांबा, उलटं करू द्या.”

पट्टे उलटे केले. शिवणीच्या पलीकडे काठाशी जे कापड सोडतात, ज्याला शिंपी माया म्हणतात, ते मोजायला लागले. पहिल्या पट्ट्यात पाव इंच. दुसऱ्या जागी पाव इंच. तिसऱ्या जागी पाव इंच. वीस ठिकाणी पट्टी लावली, वीसही ठिकाणी पाव इंच. मग दुसरा पट्टा घेतला. इथे पाव इंचाला अर्धा सूत कमी. दुसरीकडे लावली, तेवढीच कमी. कोपऱ्याशी, मध्ये, वरच्या ओळीत, खालच्या ओळीत, कुठेही लावा, तेवढीच कमी. चौकोनाच्या एका अंगाला अर्धा सूत, दुसऱ्या अंगाला अर्धा, मिळून एक.

मी पट्टी खाली ठेवली.

“मथुराबाई, तुमच्या आईची शिवण कशी बिघडली होती?”

“कशी म्हंजे? एक टाका रत्नागिरीला, एक गणपतीपुळ्याला.”

“म्हणजे कुठे जास्त, कुठे कमी, वाकडीतिकडी?”

“तर काय.”

“मग ही बघा. ही कुठेच वाकडी नाही. सगळीकडे सारखीच कमी आहे. डोळे गेलेल्या माणसाला इतकं सारखं चुकता येत नाही.”

त्यांनी पट्टा जवळ ओढला. शिवणीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

“तुम्ही शिवण धरता कशी ते मला दाखवा. पहिल्यापासून.”

त्यांनी कमरेची लहानशी पितळी डबी काढली, चुन्याची असते तशी. मी त्यांना शिवताना शेकडो वेळा पाहिलं होतं, पण या डबीत काय असतं हे कधी विचारलं नव्हतं. आत तांदळाचा एक दाणा होता.

“ही रीत मामंजींची,” त्या म्हणाल्या. “गलबतावर फूटपट्टी नसते, तांदूळ असतो.”

त्यांनी दोन चौकोन एकावर एक ठेवले. दाण्याचं एक टोक कापडाच्या काठाला लावलं, दुसरं आत. जिथे दाणा संपला तिथे सुईने टोचलं. दुसऱ्या कोपऱ्यालाही तसंच. मग दोन टोचण्यांच्या मध्ये अंगठ्याच्या नखाने रेघ ओढली आणि त्या रेघेवरून धावदोरा घालत गेल्या. डोळे मिटून ऐकलं असतं तर सुईचा आवाज घड्याळासारखा आला असता.

सासूबाई सूप घेऊन केव्हा पडवीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला कळलं नव्हतं.

“तो दाणा बघू,” त्या म्हणाल्या.

मथुराबाईंनी तळवा पुढे केला. सासूबाईंनी दाणा उचलला, उजेडात धरला, आणि सुपातल्या तांदळाशेजारी ठेवला. आपण सोवळ्यात आहोत याची आठवण त्यांना झाली नाही, आणि मीही करून दिली नाही.

“तुझ्याकडे तांदूळ कुठला खातात, मथुरे?”

“उकडाच. दुसरा कुठला?”

“मग हा उकडा आहे का? उकड्याचा दाणा लालसर, लांब, फुगलेला. हा बघ, पांढरा आणि बुटका. हा आंबेमोहोर आहे. सुपात बघ, त्याचे भाऊबंद.”

तांदूळ निवडण्यात ज्या बाईचं आयुष्य गेलं तिला चष्मा लागत नाही आणि पट्टीही लागत नाही.

“आंबेमोहोर मांडवीत कुठून आला?” मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

“तुझ्या माहेरचा तांदूळ, बाई,” त्या म्हणाल्या. “गणपतीत शिधा कुणी वाटला?”

मीच वाटला होता. वडील दर वर्षी पुण्याहून आंबेमोहोर पाठवतात. शिध्याला घरचा साधा तांदूळ द्यायची इथली रीत, पण यंदा मी हट्टाने आंबेमोहोर घातला होता. मथुराबाईंना तर दोन मापं जास्तच.

आता सगळं उलगडलं. पहिला पट्टा त्यांनी श्रावणात पुरा केला होता, उकड्याच्या दाण्यावर. गणपतीच्या दिवसांत डबी उघडी राहिली आणि तो दाणा मुंग्यांनी नेला. मग त्यांनी शिध्याच्या पुडीतून दुसरा घेतला.

“दाणा तो दाणा, असं वाटला मना,” मथुराबाई म्हणाल्या. “आणि खरं सांगू, वैनी? हा पांढरा. निळ्यावर संध्याकाळचा बरा दिसायचा. लाल दाणा अलीकडे सांजचा दिसत नाय नीट.”

तेवढं खरं होतं, आणि तेवढं चव्वेचाळिसाव्या वर्षी कुणाचंही खरं असतं. संध्याकाळचं न शिवता सकाळचं शिवलं की झालं, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी पट्टा उलटा केला, सुलटा केला, आणि भिंतीला टेकून बसल्या. मी आतून पाणी आणि गूळ आणून दिला तो त्यांनी खाल्ला.

“ह्या एवढ्याशा दाण्यानं मना बोटीत बसवलान असता,” शेवटी त्या म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं. पदर तोंडावर धरून त्या हसायला लागल्या, खांदे हलत होते, आणि मध्येच डोळेही पुसत होत्या. सासूबाई म्हणाल्या, “हस, हस. पण आधी मैनेकडून कोंबड्या आण. ती देईलसं मला दिसत नाही.”

“देणार नाय कशी? त्यातली एक रोज अंडं घालते.” एवढं बोलून त्या उठल्यासुद्धा.

मला वाटलं होतं की दुसरा पट्टा वाया गेला. पण मथुराबाईंनी तोवर मनात हिशेब केला होता. शिवण जास्त घेतली असती तर चौकोन लहान झाले असते आणि नवं कापड आणावं लागलं असतं. कमी घेतली होती, म्हणजे कापड जागच्या जागी होतं. लांब शिवणी उसवायच्या, प्रत्येक चौकोनाची शिवण दाण्यावर परत आत घ्यायची, आणि ओळी पुन्हा जोडायच्या. तीन सकाळी पुरतील.

“मी मदत करते,” मी म्हटलं.

“करा. उसवा तुमी,” त्या म्हणाल्या. “शिवू नका.”

तीन सकाळी त्या आमच्या पडवीत येऊन बसल्या. घरून नवा उकड्याचा दाणा आणला होता. शिवाय चार जास्तीचे, मुंग्यांच्या भीतीने मेणात बसवलेले. मी यांच्या जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याची पाव इंचाची पट्टी कापून दिली, कड घासून, अगदी अचूक. त्यांनी ती हातात घेतली, बरी आहे म्हणाल्या, आणि तिला दोरा गुंडाळला. दोऱ्याचं रीळ म्हणून ती त्यांना फार उपयोगी पडली. मी उसवत होते, त्या शिवत होत्या, आणि त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. मैनेने तीन कोंबड्या परत दिल्या होत्या, पण रोज घालणारीबद्दल ‘ती स्वतःहूनच माझ्याकडे राहिली’ असं तिचं म्हणणं होतं. त्या भांडणाची हकीकत दुसरी सकाळ पुरली.

तिसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला दोन्ही पट्टे मधोमध जोडले गेले. मथुराबाईंनी शेवटची गाठ मारली, पदर जमिनीवर पसरला, आणि बाजूला झाल्या. मी गुडघ्यांवर बसून वरच्या टोकापासून बघत गेले. पहिला कोपरा. दुसरा. चौथा. सातवा. मग बारावा. तिथेही चार कोपरे एका ठिपक्यात भेटले होते. सासूबाईंनी उभ्यानेच पाहिलं आणि म्हणाल्या, “हं.” त्यांच्याकडून एवढं मिळालेलं मी तरी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

मग मी दौत आणली. ते पोस्टकार्ड तीन दिवस पंचांगात तसंच कोरं होतं.

“आता काय लिहू?”

“लिवा, आई खुशाल हाय. डोळे चांगले हायत. दिवाळीला गोधडी घेऊन येतंय, पोराला बगतंय, आठ दिवस राहून परत येतंय.” त्या थांबल्या. “आठ लिवा, दहा नको. दहा लिवला तर तो पंधरा धरील.”

मी आठ लिहिलं. वाचून दाखवलं. त्यांनी कार्ड पदरात बांधलं, गोधडी गाठोड्यात घातली, डबी कमरेला लावली. मी म्हटलं, “माझ्या तांदळाने तुम्हाला फार ताप दिला, मथुराबाई. काही हवं असलं तर सांगा.”

“मना काय हवं?” असं म्हणत त्या पायरी उतरून गेल्या. बेड्यापर्यंत पोचल्या आणि तिथून वळल्या.

“वैनी, एक करा,” त्या म्हणाल्या. “पुढल्या गणपतीला शिधा द्याल तेव्हा मना तांदूळ उकडा द्या.”